डावखुऱ्या वैमानिकाचं यंत्र

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल दुपारी चारलाच तुडुंब भरला होता. जिन्यात चपलांचा ढीग आणि दारात रांग. आत एसी इतका कडक, की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या शालीत गुरफटून बसल्या होत्या. स्टेजवर निळा पडदा, त्यावर रंगवलेले ग्रह-तारे, आणि त्यापुढे पांढऱ्या झग्यात नक्षत्रगुरू. हे नाव त्यांना कुणी दिलं म्हणाल, तर त्यांनीच.

खुर्चीत एक रिक्षावाला बसला होता. त्याला गुडघेदुखी. एका सेविकेने ओल्या फडक्याने त्याचा गुडघा पुसला. मग गुरूंनी स्टीलच्या ताटातून ते यंत्र उचललं. वीतभर लांबीचं, जुनाट धातूचं वाटणारं, पुढे काळाभोर गोल डोळा. तो डोळा गुडघ्यावर टेकवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि यंत्र लोकांकडे वळवलं. काळा डोळा लालभडक झाला होता.

"बघा! रोग वर आला!" गुरू ओरडले. "वेदनेची फ्रिक्वेन्सी यंत्राने ओढून घेतली! रक्त बघणारा डॉक्टर वेगळा आणि कंपनं बघणारा वेगळा!"

लोकांनी हात जोडले. रिक्षावाला उठून दोन पावलं चालला आणि टाळ्या पडल्या. तो आला तेव्हाही चालतच आला होता, पण ते कुणाच्या ध्यानात राहणार?

मी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून उभी होते. मी रंगाच्या दुकानात शेड मिसळून देते. गिऱ्हाईक एक सांगतं, त्याच्या मनात दुसरंच असतं आणि डब्यात तिसरंच पडतं. दिवसभर हे बघणाऱ्या माणसाला चमत्कार पटकन पचत नाहीत. तरी आले, कारण आई हट्टाला पेटली होती. "एकदा बघ तरी, मग बोल. आज माझी सहावी बैठक आहे. शेवटची."

आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, की रोज रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब टाकायचे, जन्मभर. दर पंधरा दिवसांनी ती शेजारणीबरोबर इथे येते हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे, तेवढाच विरंगुळा. मी लग्नानंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, "थेंब टाकतेस ना?" ती म्हणायची, "टाकते गं बाई, किती विचारशील!"

आईची पाळी यायची होती, तेवढ्यात गुरूंनी यंत्राची कथा सुरू केली. आवाज एकदम हळवा झाला.

"सातव्या मंडलातून एक वैमानिक निघाला होता. तो डावखुरा होता. डाव्या मनगटात त्याचं कडं होतं. यानाचं दार ढकलताना ते कडं यंत्राच्या बुडाला आपटायचं. या ओरखड्यांना हात लावून बघा! हे कुठल्या कारखान्यात होतात का? आणि त्याला एक धाकटी बहीण होती. तिला तो मागे सोडून आला होता. तिची आठवण आली, की तो अंगठ्याने ही कड घासत बसायचा. म्हणून इथली चांदी उडाली आहे!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इतक्या लांबून न ओळखलेलं ते यंत्र मला आता एकदम ओळखू आलं. कारण ती धाकटी बहीण मी होते.

आता हे नीट सांगायला हवं. माझा दादा आईजवळच राहतो आणि गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतो. शाळेत असल्यापासून आम्हा दोघांना एकच वेड. भविष्यातल्या गोष्टींत असतात तशा वस्तू घरी करायच्या. किरणांच्या बंदुका, शिरस्त्राणं, यानातले दांडे आणि कळा. पाइपाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, फोमचे पत्रे, जे मिळेल ते जोडायचं. भेगा पुट्टीने बुजवायच्या, पॉलिश पेपरने घासायचं, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं. त्यावर चांदी. चांदीवर पाण्याचा हात फिरवून जाड मिठाचे दाणे टाकायचे आणि वरून गडद रंग मारायचा. वाळल्यावर मीठ झटकलं, की तिथे तिथे चांदी उघडी पडते आणि रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसतात. मग पातळ काळा रंग फासून लगेच पुसायचा, म्हणजे खाचांत मळ साचल्यासारखा दिसतो. नवी कोरी वस्तू दोन दिवसांत शंभर वर्षांची होते. आई याला पसारा म्हणायची आणि तिकडे ढुंकूनही बघायची नाही.

पण टवके कुठे उडवायचे? इथे दादाचा नियम होता. ब्रश हातात घेण्याआधी वस्तूचा मालक ठरवायचा. तो कोण, कुठल्या हाताचा, वस्तू कुठे ठेवायचा, ती कितीदा पडली. "मालक ठरल्याशिवाय झीज खोटी दिसते, चिंगे," तो म्हणायचा. चिंगी मीच. या यंत्राचा मालक आम्ही दीड वर्षापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरवला होता. डावखुरा आणि कडं ही दादाची कल्पना. धाकटी बहीण मी त्याला चिडवायला घातली होती. "तिला सोडून गेला म्हणून त्याचं वाटोळं झालं," असं मी म्हटलं होतं आणि दादा हसला होता.

आणि तो डोळा? तोही माझाच प्रताप. ऊब लागली की पारदर्शक होणारा एक काळा रंग असतो. कपावर असतो बघा, गरम ओतलं की खालचं चित्र दिसायला लागतं. दुकानात त्याची नमुन्याची बाटली आली होती, ती मी घरी नेली. खाली लाल, वर हा काळा. तळहात ठेवला की लाल दिसायचा, गार झाला की पुन्हा काळा. पहिल्यांदा तो जमला तेव्हा आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो होतो.

पुढे दादाने सांगितलं होतं, की यंत्र एका प्रदर्शनातून चोरीला गेलं. मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता चोराने वस्तू नेली असती तरी टेबलावरची गोष्ट कशी नेली असती?

तेवढ्यात आई खुर्चीत बसली. सेविकेने तिचं कपाळ पुसलं, खूप वेळ, पुन्हा पुन्हा. आईला हुडहुडी भरलेली मला लांबून दिसली. गुरूंनी यंत्र टेकवलं आणि उचललं. डोळा काळाच.

"रोग संपला, माउली! थेंबांची बाटली फेकून द्या!"

आई रडत रडत म्हणाली, "थेंब तर मी पहिल्या बैठकीलाच सोडले, गुरुजी. तुमच्यावर विश्वास होता."

पहिली बैठक, म्हणजे जवळजवळ तीन महिने झाले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेज गाठलं. दादा एका गाडीच्या दाराला कागद चिकटवत होता. मला बघून हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"कळलं वाटतं," तो म्हणाला.

"चोरीला गेलं होतं ना?"

"मी त्यांच्या स्टेजचा पडदा रंगवत होतो. सहज दाखवायला म्हणून यंत्र नेलं. त्यांनी हातात घेतलं आणि बघतच राहिले. म्हणाले, याची गोष्ट सांग. मी सांगितली."

"आणि देऊन टाकलंस."

"चिंगे, तू एकदा तिथे उभी राहून बघ. एवढी वर्षं आपण करतोय. लोक काय म्हणतात? खेळणी छान आहेत. या वयात हे काय, म्हणतात. तिथे माणसं हात जोडतात गं! माझ्या कामासमोर! एक बाई त्या ओरखड्यांवरून हात फिरवून रडली. ते ओरखडे मी कानशीने काढलेत." त्याचे डोळे चमकत होते. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला.

"आईसुद्धा हात जोडते, दादा."

तो पुन्हा कागद चिकटवायला लागला.

"तिने थेंब सोडलेत. तीन महिने. तुला ठाऊक होतं?"

"तिला छान वाटत होतं. सुईत दोरा ओवते अजून. ब्लाउज शिवते..."

"ठाऊक होतं का?"

त्याने चिकटपट्टीचं टोक नखाने उकरत म्हटलं, "बाटली कपाटात तशीच दिसायची. मला वाटलं, दुसरी आणली असेल."

असं त्याला वाटलं नव्हतं. मला तो खोटं बोलताना ओळखता येतो, कारण लहानपणी आम्ही मिळूनच खोटं बोलायचो. त्यानेच मग मान वर न करता सांगितलं, की यंत्राचा रंग लोकांच्या हातांनी खरोखरच झिजतो, म्हणून दर बैठकीआधी तो जाऊन डागडुजी करतो. म्हणजे पुढच्या ओळीत आई बसलेली असायची आणि पडद्यामागे हा ब्रश धुवत असायचा.

"पुढच्या बैठकीपर्यंत तू स्वतः आईला सांग," मी म्हटलं. "माझ्याकडून नको. तुझ्या तोंडून."

"सांगतो."

मी तशीच आईकडे गेले आणि पाया पडून थेंब पुन्हा सुरू करायला विनवलं. ती भडकली. "गुरुजी खोटे आणि तू खरी? डोळे माझे आहेत. मला सगळं स्वच्छ दिसतंय!" मग न राहवून मी दादाचं नाव घेतलं. तर म्हणाली, "त्याचं नाव मधे आणू नकोस. माझा मुलगा असं करणार नाही." रात्री मी दादाला फोन केला. तो म्हणाला, उद्या सांगतो. असे चौदा उद्या गेले.

चौदा दिवसांनी बैठक होती. आई आता आजारी म्हणून नाही, तर नमुना म्हणून पहिल्या ओळीत बसली होती. बरी झालेली बाई! पडद्याच्या कडेला दादा उभा होता, खिशात ब्रश. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

मी रांग मोडून सरळ वर गेले आणि खुर्चीत बसले. "गुरुजी, डोकं फार दुखतंय."

"पहिलीच बैठक?" त्यांनी सेविकेला खूण केली. फडकं कोमट होतं. कपाळावर यंत्र आलं, लाल झालं, लोकांनी हुंकार भरला. गुरूंनी ते वर धरलं, तेव्हा मी उठून त्यांच्या हातातून घेतलं. अगदी सहज, आपली वस्तू आपण घेतो तसं. स्टेजच्या कडेला चहाची मोठी किटली होती. डोळा गार होऊन काळा पडेपर्यंत मी थांबले आणि मग तो किटलीच्या पोटाला टेकवला.

तो लालबुंद झाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"गुरुजी, किटलीला काय झालंय? गुडघे दुखतात की पोट बिघडलंय?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. गुरू मात्र मुरलेले होते. "अग्नितत्त्व! यंत्र अग्नीही ओळखतं!" काही माना डोलल्या.

"बरं. मग रोगाचं बघू. इथे सहा बैठका झालेलं कोण आहे? ज्यांचा रोग संपला असं सांगितलंय?" एक शिक्षक उठले. दम्याचे रोगी. मी त्यांना बसवलं आणि कपाळ न पुसता यंत्र टेकवलं. लाल.

"म्हणजे रोग परत आला?" शिक्षक घाबरून म्हणाले.

"नाही सर, तुम्ही फक्त जिवंत आहात. जिवंत माणूस उबदार असतो." सेविका जिथून फडकं आणत होती, तिथे पडद्यामागे हात घालून मी दोन वाडगे बाहेर काढले. एकात कोमट पाणी, दुसऱ्यात बर्फ. "पहिल्या बैठकीला हे फडकं, म्हणून डोळा लाल. सहाव्या बैठकीला हे, म्हणून डोळा काळा. कपाळ गारठवलं की रोग गेला. सर, तुम्हीच करून बघा."

शिक्षकांनी बर्फातलं फडकं पिळलं, मिनिटभर कपाळावर दाबून धरलं आणि स्वतःच्या हाताने यंत्र लावलं. डोळा काळाच राहिला. ते दोन्ही वाडग्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "अहो, मी पंप वापरणं सोडलंय." हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं.

"ही बाई पाखंडी आहे!" गुरू कडाडले. "यंत्र सातव्या मंडलातलं आहे! कुठला मानव असं यंत्र करू शकतो?"

"एक करू शकतो. तो इथेच उभा आहे." मी पडद्याकडे वळले. मला अजून आशा होती, खोटं कशाला सांगू. "दादा, सांग. हे कुणी केलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या, आईचीही. दादाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा यंत्राकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय माहीत. मी फक्त पडदा रंगवला."

ज्या माणसाने माझा हात धरून मला ब्रश पकडायला शिकवलं, तो भर सभेत आमचं दोघांचं काम नाकारत होता. मला तेव्हा जे वाटलं ते कुणाला वाटू नये. पण रडायला वेळ नव्हता. दादा कुठलंही बूड चिकटवत नसे, फिरकीचं ठेवत असे. मी यंत्र उलटं केलं आणि बूड फिरवलं. वर्षभराचा रंग कचकन तुटला. आत पोकळ पांढरं प्लास्टिक होतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ठसठशीत छापलेलं, 'वापरानंतर झाकण घट्ट लावा'.

"सातव्या मंडलातली सूचना," मी म्हटलं आणि ते पुढच्या ओळीकडे दिलं. हातोहात ते आईपाशी पोचलं. तिने छपाई वाचली नाही. नाकाशी नेलं आणि वास घेतला.

"हे माझं हाताचं मलम आहे," ती हळूच म्हणाली. "शिवणकामाने बोटं फुटतात म्हणून आणायचे. रिकाम्या डब्या घरात माझ्या मुलाखेरीज कुणी मागत नाही." ती उठली आणि पडद्यापाशी गेली. "डबी तू मागितली होतीस. मीच धुऊन दिली होती तुला."

दादाने खिशातल्या ब्रशवर हात ठेवला.

नक्षत्रगुरू ध्यानाला म्हणून आत गेले आणि मागच्या जिन्याने पसार झाले. लोक काय म्हणाले तेही ऐका. काही माझ्यावरच उखडले, की चांगलं चाललेलं मोडलं. एका बाईने विचारलं, "मग माझ्या नवऱ्याची पाठ कशी थांबली?" पाठ दुखते आणि दुखायची थांबतेही, बाई. पंधरा दिवसांत पुष्कळ दुखणी आपोआप उतरतात आणि श्रेय त्या दिवशी समोर जो असेल त्याला जातं. दमा आणि काचबिंदू तसे उतरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईची तपासणी केली. कागदावर दोन गोल आले, एका डोळ्याचा एक. डावा गोल कडेने जवळजवळ अर्धा काळा होता, म्हणजे तेवढी नजर गेली होती.

"पण मी सुईत दोरा ओवते, डॉक्टर!"

"ओवणारच, आजी. समोरचं शेवटपर्यंत दिसतं. हा आजार कडेने खात येतो आणि दुखतही नाही. म्हणून तर औषध सोडलं तरी माणसाला काही कळत नाही."

"हे परत येईल?"

"नाही. उरलंय ते टिकवू."

बाहेर बाकावर दादा बसला होता. आम्हाला बघून उठला. "आई, मला वाटलं नव्हतं इतकं..." आईने हाताने त्याला थांबवलं. तिचा आवाज जराही चढला नाही.

"त्या झगेवाल्याला मी ओळखत नव्हते. त्याने फसवलं, ठीक आहे, मी मूर्ख ठरले. पण तुला मी ओळखत होते रे."

दादा अजून तिच्याच घरात राहतो. यंत्रं करत नाही. थेंबांची वेळ झाली की बाटली घेऊन दारात उभा राहतो, आणि आई त्याच्या हातून बाटली घेते, पण डोळे त्याच्यासमोर मिटत नाही. थेंब ती स्वतःच टाकते आणि तेवढा वेळ मला व्हिडिओ कॉल लावून ठेवते. माफ करेल की नाही, मला माहीत नाही. मी केलं की नाही, तेही नाही.

ज्याने फसवलं त्याच्यावर चिडून मी ही गोष्ट लिहिलेली नाही, किंवा तेवढ्यासाठीच नाही. रंग मीही मिसळला होता. हौसेने केलेली वस्तू खोटी नसते, तिच्यावर 'खरी' अशी चिठ्ठी लावली की ती खोटी होते. तेव्हा पुढच्या वेळी कुणी काही लाल करून दाखवलं, तर निरोग्याला लावून बघा, दगडाला लावून बघा, त्यांचं फडकं बदलून बघा. दाखवणारा चिडला तर उठून या. आणि डॉक्टर नसलेल्या माणसाने औषध बंद करा म्हटलं, तर हॉलमधून आधी घरी जा आणि औषध घ्या, श्रद्धेचं काय ते नंतर ठरवा. घरात कुणी रोज औषध घेत असेल, तर फोनवर विचारू नका. मी तीन महिने फोनवर विचारत होते. जा, आणि बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघा.